रेघांचं फुलपाखरू

मला फुलपाखरांचं फार कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकते. सोलापुरात आमच्या घराच्या एका अंगाला गिरणीचा भोंगा आणि दुसऱ्या अंगाला मागांची खडखड. तिथं चुकून एखादं फुलपाखरू आलं, तरी त्याच्याकडे बघायला सवड कुणाला होती? पण एका वैशाखात मी एका फुलपाखरासाठी दिवसभर रान तुडवलं, आणि त्या दिवशी जशी जिंकले तशी पुन्हा कधी जिंकले नाही. स्वतःच्या लग्नात नाही, नातू वकील झाला तेव्हाही नाही. हे मी नातवाच्या तोंडावर सांगते. तो हसतो. हसू दे.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. शाळेला सुट्टी लागली, की वडील मला सर्व्हिस मोटारीत बसवून आजोळी धाडायचे. मंद्रूपच्या पलीकडं, आडवाटेला आजोळ होतं. त्या वर्षी तिथं माझ्या धाकट्या मावशीचं लग्न निघालं होतं. आजोळची एक रीत होती. लेक सासरी निघाली, की तिच्या पेटीत एक इरकली साडी घरच्या बाईनं कशिदा भरून ठेवायची. विकतचं भरतकाम चालायचं नाही. आणि त्या घरात कशिदा म्हटलं की थोरली मामी.

थोरली मामी उंच, दणकट बाई. तिनं अंगणातून हाक मारली तर चौथ्या घरची म्हैस मान वर करायची. तिच्या कशिद्यातला हत्ती अख्ख्या गावात नावाजलेला. घरातल्या प्रत्येक लेकीच्या पदरावर तोच हत्ती गेलेला, माझ्या आईच्यासुद्धा. त्या हत्तीबद्दल कुणी बरंवाईट बोललं तर मामी त्या घरी हळदीकुंकवाला जायची नाही.

धाकटी मामी मैंदर्गीकडची. माहेरी सगळं कानडीत चालायचं, त्यामुळं मराठी बोलताना ती आधी मनात जुळवाजुळव करायची आणि मग हळूच एक वाक्य सोडायची. थोरली तिला नावानं हाक मारायचीच नाही. “ए कानडी, पाणी काढ. ए कानडी, भाकऱ्या टाक.” दोन वर्षं झाली तरी ती आपली कानडीच. पण तिच्या सुईत जी कला होती ना, ती त्या घरात एकट्या मावशीनं ओळखली होती. मावशीनं लग्न ठरताच हट्ट धरला: “माझा पदर धाकट्या वहिनीनंच भरायचा. आणि मला हत्ती नको. फुलपाखरू पाहिजे.”

झालं! घरात नुसता भडका. थोरली आठवडाभर भांडी आपटत होती. पण नवरी मुलीचा हट्ट, मोडणार कोण?

आता कशिदा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कापडावर आधी काही काढून घ्यायचं नसतं. कापडाचे धागे मोजायचे आणि टाके घालत जायचं. गाठ मारायची नाही. सुई एक घर सोडून एक घर घेत पुढं जाते, आणि परत येताना सुटलेली घरं भरत येते. जिथून निघाली तिथंच परत. त्यामुळं कापड उलटं करा, सुलटं करा, चित्र तेच. थोरलीचं म्हणणं असं, की मागची बाजू लपवायची ती गोधडीची, कशिद्याची नव्हे. त्या बाबतीत बाई अगदी खरी होती.

आणि तिथंच सगळं अडलं होतं. धाकट्या मामीनं पदराजवळ गोपुरं भरली, वेल भरली, तुळशीवृंदावन भरलं. बघत राहावं असं काम. मधोमध फुलपाखरासाठी जागा ठेवली, आणि फुलपाखरू काही बसेना. कारण फुलपाखराच्या पंखावर असतात ठिपके. ठिपका एकटा, सुटा. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जायचं, तर धागा मागून उडी मारणार आणि मागची बाजू बिघडणार. ठिपके गाळले, तर ते फुलपाखरू दिसेना. मामीनं पुन्हा पुन्हा भरलं, पुन्हा पुन्हा उसवलं. शेवटी जे झालं ते बघून थोरली म्हणाली, “वटवागूळ हाय की झकास! सासरी जाऊन आढ्याला टांगंल.”

लग्न तोंडावर आलं. एके दिवशी सकाळी थोरली ओसरीवर येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आज दिस मावळायच्या आत फुलपाखरू बसलं तर बसलं. न्हाय तर उद्या सकाळी त्या जागी मी हत्ती भरती. नवरीला अर्धा पदर घिऊन धाडायची न्हाय मला.”

ह्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला. मधोमध तो हत्ती उभा राहिला, की बघणारी प्रत्येक बाई म्हणणार, हा थोरलीचा पदर. गोपुरं थोरलीची, वेल थोरलीची. धाकटीचे सगळे महिने पाण्यात. मामीनं मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी टपकन त्या कापडावर पडलं, आणि तिनं ते घाईघाईनं अंगठ्यानं पुसलं, डाग पडू नये म्हणून.

माझं डोकं फिरलं. मला राग आला की मागचापुढचा विचार उरत नाही, आजही नाही. मी ओरडले, “ठिपके नसलेलं फुलपाखरू असतं! नुसत्या रेघांचं! आम्ही शोधून आणतो!” असं फुलपाखरू मी काही पाहिलं नव्हतं. दिलं ठोकून.

थोरली कमरेवर हात ठेवून हसली. “आणा की! मीबी येती. तुमी दोघी एकट्या रानात जाणार व्हय?” पोरीबाळींना एकटं सोडायचं नाही, हे खरंच. पण तिला आमची फजिती बघायची होती, हेही तितकंच खरं.

निघालो. गावाबाहेर ओढ्याच्या काठानं रान पसरलेलं होतं. बाभळी, लिंब, करंज, टेंभुर्णी, मधेच एखादा उंबर. ओढा कोरडा पडलेला, फक्त एका वळणावर डबक्याएवढं पाणी आणि भोवती ओला चिखल. डोक्यावर ऊन असं, की सावलीतसुद्धा डोळे बारीक करावे लागत. पुढं मी, मागं डोक्यावर बुट्टी घेतलेली धाकटी मामी, बुट्टीत भाकरी, शेंगाची चटणी, कांदे आणि रायवळ आंबे. सगळ्यात मागं पदर खोचून थोरली.

मी शहाणी, फुलं शोधत होते. वैशाखात रानात फुलं कुठली? सगळं वाळून खडखडीत. धाकटी मामी म्हणाली, “आमच्याकडं पातरगित्ती रुईवर येते.” फुलपाखराला ती पातरगित्ती म्हणायची. रुईच्या झुडपापाशी गेलो, तर खरंच एक होतं. नारिंगी, काळी किनार. मी श्वास रोखून जवळ गेले. किनारीत पांढरे शुभ्र ठिपके.

“ठिपके!” मागून थोरली गरजली. फुलपाखरू उडालं.

मग ओल्या चिखलावर पिवळी-पांढरी फुलपाखरं दाटीवाटीनं बसलेली सापडली. मला वाटलं, झालं काम. पण एकाही पंखावर काही नाही. थोरली म्हणाली, “हे कोरं कापड झालं. ह्यात काय भरणार तुमी?” पुढं एका विहिरीजवळ लिंबोणी होती. तिच्यावर काळं फुलपाखरू भिरभिरत होतं, आणि त्याच्या अंगावर पिवळे ठिपकेच ठिपके, शिंपडल्यासारखे. थोरलीला तर इतका आनंद झाला, की तिनं हाताला धरून मला झाडाखाली उभं केलं. “बघ बघ, ह्यो बघ, ह्यो बी ठिपका, अन् ह्यो बी!” मी एक ढेकूळ उचललं आणि लिंबोणीवर हाणलं.

“लई तापट हायस गं,” थोरली म्हणाली. “माझ्यावर गेलीस.”

ह्या बोलण्यानं तर मी आणखीनच पेटले.

ऊन माथ्यावर आलं तसे आम्ही टेंभुर्णीच्या सावलीला बसलो. मामीनं भाकरी वाढली, स्वतः मात्र तुकडाही मोडला नाही. थोरलीनं ताव मारला आणि मग आंब्यांकडं वळली. रायवळ आंबा हातानं माचून, मऊ करून चोखायचा. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तरी तिला पर्वा नाही. चोखलेल्या कोया समोर टाकत होती. धाकटी मामी माझ्या पाठीवरून हात फिरवत हळू म्हणाली, “जाऊ दे गं. अक्कांचा हत्ती पण चांगला असतो.”

ते ऐकून मला रडू फुटलं. दुःखानं नाही, संतापानं. ही बाई हरायच्या आधीच हरायला निघाली होती, आणि तेही इतक्या गोड आवाजात! मी नाक पुसत समोर बघत होते, एवढ्यात कोयांवर काहीतरी उतरलं.

नारिंगी. भाजलेल्या विटेपेक्षा उजळ. पंख सपाट पसरून बसलं होतं, घाई नाही, गडबड नाही. आणि पंखांवर काळ्या रेघा. रेघाच रेघा.

मी किंचाळले. दुसरं काय करणार? किंचाळले, आणि ते उडालं.

“ओरडू नको!” धाकटी मामी म्हणाली. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच मला दटावलं होतं. मी तोंडावर हात दाबला. फुलपाखरू जमिनीलगत एक चक्कर मारून आलं, कोयांवरून गेलं, आणि थोरलीच्या हातावर, कोपराच्या जरा खाली, आंब्याच्या रसावर जाऊन बसलं.

थोरलीनं माशी मारायला उचलावा तसा दुसरा हात उचलला.

“अक्का, हलू नका!”

मामीचा आवाज असा निघाला, की मीसुद्धा ताठ झाले. त्या घरात थोरलीला हुकूम करण्याची छाती मामांचीही नव्हती. थोरलीचा हात हवेतच राहिला. ती डोळे मोठे करून धाकटीकडं बघत राहिली. पण हलली नाही.

धाकटी मामी गुडघ्यांवर बसली. एक काटकी घेतली, समोरची धूळ तळव्यानं सारखी केली, आणि हातावरच्या फुलपाखराकडं बघत रेघा ओढू लागली. वळणदार नाही, सगळ्या सरळ आणि तिरक्या, पायऱ्या पायऱ्यांच्या, कशिद्यात बसतील अशा. फुलपाखरू रस पीत होतं. मधूनच पंख मिटायचं, की मामीची काटकी थांबायची. पुन्हा उघडायचं, की पुन्हा चालायची.

थोरली म्हणजे घडीभरही एका जागी स्वस्थ न बसणारी बाई. तिच्या पायावर मुंगी चढली. कपाळावरून घामाची धार निघाली. ओठ न हलवता ती पुटपुटली, “पोरी, माझं नाक खाजतंय.” मी मागून जाऊन हळूच तिचं नाक खाजवलं. “हळू गं भवाने! उडंल त्ये!” ती म्हणाली. म्हणजे आता तिलाही ते उडायला नको होतं. ते तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

धुळीत एक पंख पुरा झाला. मामी म्हणाली, “बोट फिरव बघू.” मी खालच्या टोकावर बोट ठेवलं आणि न उचलता रेघांवरून निघाले. ही रेघ, ती रेघ, पुन्हा मागं, वर. धाग्यानं जसं जायचं तसंच. सगळं जमत आलं, आणि पंखाच्या वरच्या कोपऱ्यात बोट अडलं. तिथं एक लहान रेघ एकटीच उभी होती. इकडं ना तिकडं जोडलेली.

“इथं तुटतं,” मामी म्हणाली. काटकी खाली ठेवली.

मला त्या क्षणी देवाचा इतका राग आला! एवढं सगळं जोडलं, आणि एक रेघ सुटी ठेवली? मामीच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

फुलपाखरू सगळ्यात जवळून दिसत होतं ते थोरलीला. तिनं हात न हलवता मान खाली नेली, नाक पंखाला लागेल इतकी. बराच वेळ बघितलं. आता ती नुसती गप्प बसली असती, तरी हत्ती पदरावर चढला असता. तिला काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

“आंधळ्या हायसा का गं दोघी?” ती एकदम म्हणाली. “सुटी कुटली? जोडलीय की! अगदी कडंनं केसाएवढी रेघ उतरती, तितनं धर. खाली ये. मग फिरून पुन्हा आत जा. भरल्या सुईनं जातीस अन् भरल्या सुईनं येतीस. कशिदा शिकलीस का गवत कापायला?”

मामीनं काटकी उचलून कडेनं रेघ ओढली. माझं बोट त्या रेघेवरून खाली आलं, आत गेलं, वळलं, आणि जिथून निघालं होतं तिथं येऊन टेकलं.

“बंतु!” मामी ओरडली. “बंतु, अक्का, बंतु!” आलं, आलं, परत आलं! आनंदात तिची सगळी मराठी पळून गेली. तिनं थोरलीचा गुडघा धरून गदागदा हलवला. फुलपाखरू उडून टेंभुर्णीच्या पानांत गेलं.

थोरली आपल्या रिकाम्या हाताकडं बघत बसली. आपण काय करून बसलो ते तिला आता कळत होतं. “मेलं ते!” एवढंच म्हणाली, आणि पदरानं हात खसाखसा पुसला.

घरी आम्ही जवळजवळ पळतच आलो. मी सगळ्या वाटेनं ओरडत होते, “सापडलं! सापडलं!” ज्यांना काय हरवलं तेही माहीत नव्हतं, त्या बायासुद्धा दारात आल्या. मामी हातपाय धुऊन ओसरीवर बसली, सुईत नारिंगी रेशीम ओवलं आणि धागे मोजायला लागली. तिचे ओठ कानडीत आकडे पुटपुटत होते. मी शेजारी राखण करत बसले; मावशीलासुद्धा जवळ येऊ दिलं नाही. थोरली कधी सूप न्यायला, कधी झाडणी न्यायला, सारखी त्याच बाजूनं जात होती. सूप तर तिनं दोनदा नेलं.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, भिंतीवरून लिंबाच्या शेंड्यावर गेलं. शेंड्यावर अजून तांबडं होतं, तेव्हा मामीची सुई पहिल्या टाक्यापाशी परत आली. तिनं टोक टाक्यांखाली सरकवलं आणि दातांनी रेशीम तोडलं.

थोरली समोरच उभी होती. तिनं साडी ओढून घेतली आणि पहिल्या झटक्याला उलटी केली. सुलटी बाजू बघितलीसुद्धा नाही. उलट्या बाजूवर अंगठा फिरवला, उजेडाकडं धरलं, पुन्हा फिरवला. नारिंगी फुलपाखरू तिकडूनही तसंच, रेघेला रेघ. खऱ्या फुलपाखरानं पंख मिटले तेव्हा मी खालची बाजू बघितली होती. ती वेगळीच होती, कसलीतरी तपकिरी. देवाला जे जमलं नाही, ते माझ्या मामीनं करून दाखवलं होतं!

“मिशा एक घर लांब झाल्यात,” थोरली म्हणाली. साडी परत मामीच्या मांडीवर ठेवली आणि हत्तीसाठी काढून ठेवलेलं रेशीम उचलून आत नेलं.

एवढंच. पण मला एवढं पुरेसं होतं. मी अंगणात अशी नाचले, की बांधलेली शेरडं बिथरली. मावशीनं धाकट्या मामीला मिठी मारली, आणि मामी एकाच वेळी हसत आणि रडत होती.

लग्नात रुखवताशेजारी ती साडी मांडली होती. वरपक्षाच्या बायका आल्या, वाकल्या, गोपुरं बघितली, वेल बघितली, फुलपाखरापाशी थबकल्या. थोरली तिथंच पहाऱ्याला. तिनं सगळ्यांदेखत पदर उचलून पालथा केला. “सुलटं काय बघताय? उलटं बघा, उलटं!” बायका पुन्हा वाकल्या. त्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, “हे भरलं कुणी?”

मी सांगायला तोंड उघडलंच होतं.

“माझ्या जावंनं,” थोरली म्हणाली, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं तिनं धाकट्या मामीला चक्क नावानं हाक मारली. मामीला आधी कळलंच नाही, आपल्याला कोण बोलावतंय ते. मग ती भांबावून पुढं आली, आणि बायकांनी तिला मधे घेतलं.

वरात गेली, घर रिकामं झालं. धाकटी मामी न्हाणीघराच्या दारात पाय पसरून बसली होती, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. थोरली आली आणि तिनं मामीच्या पुढ्यात कोरा खण टाकला.

“चोळी शिवायचीय,” ती म्हणाली. “शिवायच्या आधी बाहीवर त्ये काढ.”

“हत्ती?” मामीनं विचारलं.

“हत्ती कशाला? मला हत्ती काढता येतो की.” थोरलीनं उजवा हात पुढं केला आणि कोपराच्या जरा खाली बोट टेकवलं. मग बाही तिथवर येत नाही हे लक्षात येऊन तिनं बोट वर सरकवलं. “हितं बसलं हुतं. बाही हितवर लांब ठेव, पर त्ये ह्याच हातावर पायजे. आन् मिशा एक घर कमी कर.”